थांबायला नको

१

भागूबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन टेकडी उतरत होती, तेव्हा भुयाराच्या आतून तिला कण्हल्यासारखा आवाज आला. आधी तिला वाटलं, कुणाची शेळी अडकली. तिनं भारा खाली टाकला, वाकून आत पाहिलं आणि तशीच पळत गावात आली.

दौलताबादच्या किल्ल्याच्या मागल्या अंगाला, गावातले बागायतदार बद्रीनाथ यांच्या मळ्यालगतच्या टेकडीत हे भुयार आहे. आत दगडात कोरलेल्या पायऱ्या थेट खाली जातात. तळाशी बारमाही ओल असते आणि छताला वटवाघळांचे घोस लटकलेले असतात. त्या पायऱ्यांच्या पायथ्याशी डॉक्टर लीला कुरियन पडल्या होत्या. साठीच्या, केरळातल्या, वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या. महिनाभरापासून त्या गावात खोली घेऊन राहत होत्या.

मी पोहोचले तेव्हा त्यांना वर आणलं होतं. कानाच्या मागून रक्त वाहून गळ्यापर्यंत सुकलं होतं. कपाळावर पट्ट्यानं बांधलेला छोटा लाल दिवा होता. त्याचं बटण चालूवर होतं, पण दिवा लागत नव्हता. पडताना फुटला असेल असं मी धरलं. खांद्यावरची पिशवी आणि तिच्यातलं वटवाघळांचे आवाज टिपणारं यंत्र नव्हतं. पिशवीच्या बंदाचा एक तुटलेला तुकडा मात्र बाईंच्या मुठीत होता.

घसरून पडलेल्या माणसाची पिशवी आपोआप नाहीशी होत नाही. मी फौजदार होऊन फार दिवस झाले नव्हते, पण एवढं मलाही कळत होतं.

घाटी दवाखान्यात नेल्यावर बाई थोडा वेळ शुद्धीवर आल्या. मराठी त्यांना येत नव्हती. मी इंग्रजीत विचारलं, काय झालं? त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "हनुमान सेड... यू मस्ट नॉट वेट."

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच वाक्य. मग त्यांची शुद्ध हरपली.

२

हनुमान हा त्यांचा मदतनीस. गावातल्याच मेंढपाळाच्या घरचा, चोविशीतला पोरगा. किल्ल्यावर पाहुण्यांना माहिती सांगायचा आणि महिनाभर लीलाबाईंचं सामान उचलून भुयारात जायचा.

मी बाईंचं वाक्य मराठीत उतरवलं: "हनुमाननं मला बजावलं, इथं थांबायचं नाही."

आमच्या मोठ्या साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "दम दिला, ढकललं, पिशवी घेऊन पळाला. उचला त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा तो मेंढरांच्या वाड्यात एका मेंढीपाशी बसला होता. तिनं नुकतंच कोकरू दिलं होतं. आम्हाला बघून तो उभा राहिला.

"मॅडम कशा आहेत?" हाच त्याचा पहिला प्रश्न.

"तू त्यांना यू मस्ट नॉट वेट म्हणालास का?"

"व्हय. म्हणलो ना." त्यानं लपवलं नाही. "काल दुपारी भुयारापाशी म्हणलो. शालूचा फोन आला, मेंढी अडलीय म्हणून. मग मी घरला आलो."

"कशासाठी म्हणालास?"

तो गोंधळला. "कशासाठी म्हणजे? त्या थांबल्या असत्या ना माझ्यासाठी."

शालू ही त्याची बहीण. तो दुपारभर घरीच होता असं तिनं सांगितलं, आई बानाबाईनंही सांगितलं. साहेबांनी हात झटकले. घरची माणसं घरच्यासारखंच बोलणार. वाक्य तर त्यानं स्वतःच कबूल केलं होतं.

हनुमानला गाडीत बसवलं. त्याला दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं करायचं होतं. बानाबाई मागच्या एसटीनं शहरात आली आणि ठाण्याच्या आवारातल्या लिंबाखाली बसली. रडली नाही, कुणाच्या पाया पडली नाही. मी शेजारून जाताना एवढंच म्हणाली, "मॅडम, त्याला इंग्रजी नीट येत नाय. त्याच्या मास्तरीणबाईला तरी इचारा."

३

त्याआधी मला आणखी दोन माणसांना विचारायचं होतं. बाईंच्या जवळपास असणारी तेवढीच होती.

पहिला गोकुळ, त्यांच्या भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर. त्यानं बाईंना आणि हनुमानला भुयाराखाली सोडलं, जीप तिथंच झाडाखाली लावली आणि जेवायला कडुबाच्या ढाब्यावर गेला. भागूबाईची ओरड ऐकू येईपर्यंत तो ढाब्यावरच होता. कडुबानंही तेच सांगितलं.

"जीपला कुलूप?"

"नसतं मॅडम. गावात कोण काय नेतंय?"

"बाईंकडे मोठी टॉर्च नव्हती का? असती तर पडल्या नसत्या."

"पिवळी टॉर्च हाय की. पण ती आत नेत नाय बाई. पांढऱ्या उजेडानं वाघळं बिथरतात म्हणत्यात. जीपमध्येच असंल, सीटखालच्या डब्यात."

मी लिहिलं: टॉर्च जीपमध्येच होती.

दुसरा शिवराज, बद्रीनाथ यांचा मुलगा. मळा यांचाच, टेकडीही यांचीच. शिवराज पुण्यात शिकलेला, नंतर काही वर्षं इंग्लंडात राहून आलेला. चिकलठाण्याला त्याचा सुट्या भागांचा कारखाना होता. आता मळ्यात त्याला पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. भुयारात रंगीत दिवे लावून ते दाखवायचं, हे त्याच्या बेताचं मुख्य आकर्षण.

मी त्याला कारखान्यातच भेटले आणि परवानगी घेऊन फोनवर आवाज टिपला. मी मराठीत विचारत होते, तो इंग्रजीत उत्तर देत होता. मुद्दाम नाही, त्याची सवयच तशी होती.

लीलाबाईंशी भांडण होतं का? नव्हतं. त्यांना वाटत होतं भुयारात एक दुर्मीळ जात आहे, तिथं दिवे लावू नयेत. त्या वनखात्याला कळवणार होत्या. खुशाल कळवा, असं त्यानं त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. घटनेच्या दिवशी भेट झाली नाही. सकाळपासून तो कारखान्यात होता.

"टॉर्च बरोबर असती तर त्या पडल्या नसत्या असं वाटतं का तुम्हाला?"

त्यानं खांदे उडवले. बाईंकडे लाल दिवा होता, पायरी अन् पायरी त्यांच्या ओळखीची होती, असं सांगून म्हणाला, "शी नीडन्ट हॅव कॅरीड द टॉर्च."

मी लिहिलं: बाईंना टॉर्च न्यायची गरज नव्हती.

गोकुळचं म्हणणं आणि याचं म्हणणं जुळत होतं. मी वही मिटली. खरं तर त्याच क्षणी उत्तर माझ्या हातात आलं होतं, आणि मी ते चुकीच्या मराठीत उतरवून ठेवलं होतं.

४

मंजुषा बोर्डे यांचा इंग्रजीचा वर्ग औरंगपुऱ्यात, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर भरतो. मी पोहोचले तेव्हा संध्याकाळची बॅच जमत होती. नर्सिंगच्या मुली, बँकेतले दोघं, एक वकील. मंजुषाबाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांना हनुमानचं कळलेलं होतं.

मी वाक्य सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हनुमानच्या मनात मराठी वाक्य काय असेल, याचा विचार केलात का?"

"इथं थांबायचं नाही."

"त्यानं वर्गात काय केलं होतं ते सांगते. मागं सगळ्यांसाठी मी चहा मागवला. हा चहा घेत नाही. मला म्हणाला, मॅडम, यू मस्ट नॉट मेक टी फॉर मी. वर्ग हसला. मी त्याला विचारलं, तू मला चहा करायला बंदी घालतोस? तो लाजला. म्हणाला, नाही मॅडम, माझ्यासाठी करायला नको, एवढंच."

त्या फळ्याकडे वळल्या. "आपलं 'नको' फार कामाचं आहे. 'जायला नको' म्हणजे जाऊ नकोस, आणि 'जायला नको' म्हणजे जायची गरज नाही. सुरातून कळतं. इंग्रजीत तसं नाही. मस्ट नॉट म्हणजे मनाई. नीड नॉट म्हणजे गरज नाही, केलंत तरी हरकत नाही. शाळेत मस्ट म्हणजे 'पाहिजे' असं पाठ झालेलं असतं. मग मुलं त्याला नॉट जोडतात आणि 'नको' तयार झालं असं समजतात."

"म्हणजे तो म्हणत होता..."

"माझ्यासाठी थांबायला नको, तुम्ही काम सुरू करा. सभ्यपणानं सांगत होता बिचारा. बाईंना ते विचित्र वाटलं असणार, म्हणून लक्षात राहिलं."

मेंढी, शालूचा फोन, त्याचा गोंधळलेला चेहरा, सगळं जागेवर बसलं. पण साहेब काय म्हणतील तेही मला ठाऊक होतं. दम दिला नाही म्हणजे ढकललं नाही, असं कुठं सिद्ध होतं? आणि त्यानं नाही, तर कुणी?

"तुमचा जबाब घ्यावा लागेल," मी म्हणाले.

"घ्या ना. बॅच संपेपर्यंत बसा."

मी शेवटच्या बाकावर बसले. मंजुषाबाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली आणि वाचून दाखवली.

"आय डिडन्ट नीड टू कॅरी अॅन अम्ब्रेला. सांगा, छत्री नेली का?"

कुणी हो म्हणालं, कुणी नाही.

"नक्की कळत नाही. गरज नव्हती एवढंच कळतं. बहुधा नेली नसेल. आता दुसरं. आय नीडन्ट हॅव कॅरीड अॅन अम्ब्रेला. नेली का?"

दोन-तीन हात अर्धवट वर आले.

"नेली," मंजुषाबाई म्हणाल्या. "नेली, आणि उगाच नेली. नीडन्ट हॅव म्हटलं की काम झालेलंच असतं."

संस्कृती नावाच्या मुलीनं हात वर केला. "पण मॅडम, मराठीत दोन्हीला 'छत्री न्यायची गरज नव्हती' असंच म्हणणार ना?"

"हो. म्हणून तर इथं सगळे फसतात."

मी बाकावरून उठले आणि फोन घेऊन जिन्यात आले.

५

शिवराजचं वाक्य मी ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग बॅच सुटल्यावर मंजुषाबाईंना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"हा कुठं शिकला?"

मी सांगितलं.

"सफाईदार बोलतो. हनुमाननं असं वाक्य टाकलं असतं तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता. पण या माणसाच्या डोक्यात त्या बाईंनी टॉर्च नेलेली आहे. अर्थात शपथेवर नाही सांगणार. बोलताना कुणीही घसरतं."

त्यांचं बरोबर होतं. वाक्य म्हणजे पुरावा नव्हे. पण गोकुळच्या जबाबाकडे मी आता नव्यानं पाहिलं. टॉर्च जीपमध्ये होती, असं तो म्हणालाच नव्हता. जीपमध्येच असंल, असं म्हणाला होता. अंदाज त्याचा, आणि खात्री मी माझ्या पदरची घातलेली.

मी त्याला फोन लावला. "गोकुळ, डबा उघडून बघ. आत्ता."

दार उघडल्याचा आवाज आला, मग पत्र्याची खडखड.

"मॅडम," तो म्हणाला, "टॉर्च नाय इथं."

ठाण्यात येऊन मी बाईंचा लाल दिवा काढला. फुटलेला नव्हता. नवे सेल घातले, तो लागला. म्हणजे भुयारातच त्याचे सेल संपले होते. बाई चाचपडत बाहेर आल्या, जीपमधून टॉर्च घेतली आणि पुन्हा आत गेल्या. तेव्हा हनुमान घरी निघून गेला होता आणि गोकुळ ढाब्यावर होता.

आता प्रश्न एवढाच उरला. बाईंनी टॉर्च नेली, हे शिवराजला कुणी सांगितलं? गोकुळला स्वतःलाच माहीत नव्हतं. भागूबाईनं टॉर्च पाहिली नव्हती. बाई त्याच्याशी बोलण्याच्या अवस्थेत नव्हत्या. आणि हनुमाननं सांगायचं, तर तो सकाळपासून माझ्या कोठडीत होता. कुणीच सांगितलेलं नसेल, तर त्यानं ती डोळ्यांनी पाहिली होती.

आणि पाहायची तर तिथं असायला हवं. तो तर कारखान्यात होता.

६

सकाळी कोर्टाच्या आधी मी साहेबांना घेऊन मळ्यात गेले. साहेब नाखूश होते, पण आले. शिवराज ओट्यावर चहा घेत होता. बद्रीनाथ पेरूच्या बागेतून आले, हातपाय धुतले आणि बाजेवर बसले. सत्तरीचा, मोजकं बोलणारा माणूस.

मी सरळ विचारलं. शिवराजनं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच मराठीत उत्तर दिलं.

"मॅडम, हे व्याकरण कोर्टात चालेल?"

"चालणार नाही. म्हणून विचारायला आलेय. बाईंनी टॉर्च नेली हे तुम्हाला कसं कळलं?"

"मी तसं म्हणालोच नाही. गरज नव्हती म्हणालो. तुम्ही शब्द ओढताय."

बद्रीनाथ आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते. "काय म्हणला हा इंग्रजीत?" त्यांनी मला विचारलं.

"काका, हे म्हणाले, त्या बाईंनी टॉर्च उगाच नेली. पण नेली हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. टॉर्च सापडतही नाही."

"कसली टॉर्च?"

"आबा, तुम्ही यात पडू नका," शिवराज म्हणाला.

"पिवळी," मी म्हणाले. "मोठी."

बद्रीनाथ यांनी धोतराच्या सोग्यानं हात पुन्हा पुसले, कोरडे असूनही. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "परवा दुपारी तू मळ्यात आलता. कारखान्यात जेवलो म्हणलास, पण गाडी मी पाहिली."

"आबा."

"मोटारीच्या खोलीत खताच्या पोत्यामागं एक पिवळी टॉर्च हाय, ताई. आज पहाटं लाइट आली तवा मोटार चालू करायला गेलतो, पोतं सरकवलं तर दिसली. सोबत एक पिशवी बी हाय." ते उठले. "मला वाटलं, ह्याचीच असंल."

शिवराज त्यांच्या आडवा गेला नाही. कप हातात धरून तसाच उभा राहिला. म्हातारा संथ चालत विहिरीकडे गेला. साहेब त्याच्या मागं गेले. परत आले तेव्हा पिशवी साहेबांच्या हातात होती. तिचा एक बंद तुटलेला होता.

पुढचं शिवराजनं गाडीत सांगितलं. तो बाईंना विनवायला गेला होता. वनखात्याला एवढ्यात कळवू नका, आधी खोल्या बांधून होऊ द्या. बाई टॉर्च लावून पायऱ्या उतरत होत्या. त्यांनी नकार दिला. यंत्रात महिन्याभराचे आवाज होते आणि ते नसते तर त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. त्यानं पिशवी ओढली, बाईंनी सोडली नाही, बंद तुटला. त्या खाली गेल्या. टॉर्च त्याच्या पायाशी पडून जळत राहिली. ती उचलून, तिच्याच उजेडात तो वर आला. मग चिकलठाण्याला गेला.

"त्या जिवंत आहेत का, हे पाहिलंत?" मी विचारलं.

"हाक मारली होती," तो म्हणाला. "उत्तर आलं नाही."

"खाली उतरलात?"

त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं.

७

हनुमान दुपारी सुटला. बानाबाई लिंबाखालून उठली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चल. मेंढरं कालपासून शालूच्या गळ्यात हायेत." मी माफी मागितली. तिनं मान हलवली. ती माफी तिनं घेतली की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. हनुमाननं मात्र दवाखान्यात येऊ का, असं विचारलं.

लीलाबाईंना पूर्ण शुद्ध यायला बरेच दिवस गेले. भुयाराच्या दारापासून पुढचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की डाव्या कानाची नस गेली आहे, तिकडचं ऐकू येणार नाही. बाईंना अजून सांगितलेलं नव्हतं. ज्या बाईनं अख्खी नोकरी आवाज गोळा करण्यात घालवली, तिला हे कसं सांगायचं, या विचारात मी खाटेपाशी उभी राहिले. हनुमान पलीकडे भिंतीला टेकून उभा होता.

शेवटी मीच सांगितलं. माझ्या तुटक इंग्रजीत, चुकत माकत.

त्यांनी उजवा कान माझ्याकडे करून सगळं ऐकलं. मग डोकं उशीवर टेकवलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. आणि मग अगदी हळू आवाजात त्या जे म्हणाल्या, ते मी हनुमानला मराठीत सांगितलं, यावेळी शब्द न शब्द तपासून.

"त्या म्हणतात, वटवाघळांचं बोलणं माझ्या कानाला कधीच ऐकू आलं नाही. माणसाच्या कानाला ते येतच नाही. मला यंत्र पुरतं. यंत्र शाबूत आहे का?"

कोर्टातून सोडवून मी हनुमानच्या हाती दिलेली पिशवी त्यानं खाटेवर ठेवली. बाईंनी यंत्र बाहेर काढून कुशीत घेतलं, आणि नर्स औषध घेऊन आली तरी सोडलं नाही.